कुत्र्याचा जंत कुत्र्याचाच?

'रिसर्च गॅप नेमका सापडतो कुठे?' हा प्रश्न पीएचडी प्रवेशाची तयारी करणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येतो. त्याची व्याख्या पाठ करून मुलाखतीत चार गुण मिळतीलही, पण काम सुरू झालं की ती व्याख्या काहीच उपयोगाची नसते. त्यामुळे आज व्याख्या नाही. आज एका जंताचा इतिहास. मी ज्याच्यावर काम करते तो कुत्र्यातला अंकुशकृमी, म्हणजे आपला हुकवर्म.

पाळीव कुत्र्यांच्या मालकांकडे नमुने मागायला गेलं की दहातले आठ जण एकच विचारतात: 'हा आम्हाला पण होतो का हो?' साधा प्रश्न आहे. पण या प्रश्नाचं उत्तर विज्ञानाने गेल्या सव्वाशे वर्षांत निदान तीनदा बदललंय, आणि प्रत्येक वेळी बदलण्याचं कारण वेगळं होतं.

आधी थोडी ओळख. कुत्र्यात मुख्यतः सापडतो तो अँसायलोस्टोमा कॅनायनम. जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर लांब, तोंडात दातांच्या तीन जोड्या, लहान आतड्याच्या अस्तराला चावून रक्त पितो. मादी दिवसाला हजारो अंडी घालते, ती विष्ठेतून बाहेर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत अंड्यातून अळी निघते आणि आठवड्याभरात ती नव्या यजमानात शिरायला तयार होते. मोठ्या कुत्र्याला हे पुष्कळदा पचून जातं. पिल्लाला नाही. हिरड्या पांढऱ्याफटक, काळी डांबरासारखी शी, आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास, असं पशुवैद्य नेहमी पाहतात.

माणसातल्या अंकुशकृमीचा शोध मिलानमध्ये लागला. अँजेलो दुबिनी या डॉक्टरला १८३८ साली एका शेतकरी बाईच्या शवविच्छेदनात तो दिसला आणि १८४३ साली त्याने त्याचं वर्णन छापलं. कुत्र्यातल्या कृमीला वेगळं नाव मिळालं १८५९ साली, एर्कोलानी या इटालियन पशुवैद्याकडून. म्हणजे सुरुवातीपासूनच दोन खाती: हा माणसाचा, तो कुत्र्याचा. डॉक्टरांनी एक वाचायचा, पशुवैद्यांनी दुसरा.

ही दोन खाती पहिल्यांदा एकत्र आली ती कैरोमध्ये, आणि तीही एका सांडलेल्या थेंबामुळे. आर्थर लूस हा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ तिथल्या वैद्यकीय शाळेत काम करत होता. तेव्हा सगळ्यांचं मत असं की या जंताच्या अळ्या घाणेरड्या पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातात. लूस गिनीपिगच्या तोंडात अळ्यांच्या पाण्याचे थेंब सोडत होता आणि त्यातला एक त्याच्या हातावर पडला. त्या जागी खाज सुटली, कातडी लाल झाली. आपण असतो तर साबणाने हात धुतला असता (आणि तेच बरोबर आहे, प्रयोगशाळेत तसंच करा). त्याने मुद्दाम दुसरा थेंब टाकला, थोडा वेळ थांबला, आणि उरलेलं पाणी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. अळ्या जवळपास नव्हत्याच, त्यांच्या रिकाम्या काती तेवढ्या पडल्या होत्या. काही काळाने त्याच्या स्वतःच्या शौचात अंकुशकृमीची अंडी दिसू लागली. १८९८ साली त्याने हे छापलं.

कुणी फारसा विश्वास ठेवला नाही, आणि माझ्या मते न ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. जो माणूस रोज या अळ्यांमध्ये हात घालतो, त्याच्या तोंडावाटे एखादी गेली नसेल कशावरून? एक माणूस, कंट्रोल नाही, आणि तो माणूस स्वतः संशोधकच. आजच्या कुठल्याही समीक्षकाने हेच लिहून पेपर परत पाठवला असता. लूसने मग एका मुलाच्या कापाव्या लागणाऱ्या पायावर, शस्त्रक्रियेच्या थोडं आधी, अळ्या ठेवल्या आणि कापलेल्या पायाच्या त्वचेच्या छेदांमध्ये त्या आत शिरताना दाखवल्या. आजच्या एथिक्स कमिटीसमोर हा प्रस्ताव पाच मिनिटंही टिकला नसता.

पण कातडीतून शिरलेली अळी आतड्यापर्यंत पोचते कशी? ते माणसात बघणं अशक्य. इथे कुत्रा आला. लूसने पिल्लांच्या त्वचेवर कॅनायनमच्या अळ्या लावल्या, ठरावीक वेळाने पिल्लं मारून त्यांच्या अवयवांचे छेद घेतले, आणि रस्ता शोधून काढला: त्वचा, रक्त, हृदयाची उजवी बाजू, फुप्फुसं, तिथून श्वासनलिकेतून वर घशात, आणि गिळल्यावर खाली आतड्यात. पाठ्यपुस्तकात अंकुशकृमीच्या जीवनचक्राची जी आकृती आपण अकरावी-बारावीपासून काढत आलो, तिचा बराचसा भाग या पिल्लांच्या शरीरातून आलेला आहे. लूसचा मोठा ग्रंथ १९०५ आणि १९११ साली दोन भागांत निघाला.

याच काळात आसामच्या चहामळ्यांत सी. ए. बेंटली हा डॉक्टर मजुरांच्या पायावरच्या 'पानी घाव'च्या मागे लागला होता. पावसाळ्यात चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांच्या पायाला खाज सुटून फोड यायचे. १९०२ साली त्याने दाखवलं की याचं कारण चिखलातल्या अंकुशकृमीच्या अळ्या. मळेवाल्यांच्या दृष्टीने हा पायाचा किरकोळ आजार होता आणि मजुरांचा रक्तक्षय हा वेगळाच प्रश्न. बेंटलीच्या कामाने दोन्ही एकाच धाग्यात आले.

इथून पुढे कॅनायनमचं नशीब पालटलं. तो 'मॉडेल' झाला. माणसाच्या अंकुशकृमीबद्दल काहीही विचारायचं असेल तर कुत्र्याच्या कृमीला विचारा. त्याच्या शरीरातून रक्त गोठू न देणारा पदार्थ मिळतो हे लोएब आणि स्मिथ यांनी १९०४ सालीच दाखवलं. मॉरिस हॉल या अमेरिकन पशुवैद्याने कार्बन टेट्राक्लोराइड आधी कुत्र्यांना देऊन पाहिलं, मग स्वतः घेतलं आणि १९२१ साली ते जंताचं औषध म्हणून पुढे आणलं. ते जगभर माणसांना दिलं गेलं. यकृताला ते किती घातक आहे हे कळल्यावर मागे पडलं, हे सांगायला नकोच. १९६०च्या दशकात ग्लासगोमध्ये थॉमस मिलरने क्ष-किरणांनी दुबळ्या केलेल्या अळ्यांची लस कुत्र्यांसाठी बनवली. लस चालायची. १९७०च्या दशकात ती अमेरिकेत विकायलाही आली आणि दोन-तीन वर्षांतच बंद पडली. जिवंत अळ्या फार दिवस टिकायच्या नाहीत, किंमत जास्त होती, आणि लस दिलेल्या कुत्र्यातही थोडे जंत राहायचेच. विष्ठेत अंडी दिसली की मालक म्हणणार, मग लस कशाला टोचली? प्रयोगशाळेतलं यश आणि दवाखान्यातलं यश या किती वेगळ्या गोष्टी आहेत ते कुणाला समजून घ्यायचं असेल तर या लसीवर एक वेगळं प्रकरण वाचण्यासारखं आहे.

मॉडेल म्हणून वापरताना एक गृहीतक मात्र घट्ट बसलं. कुत्र्याचा कृमी कुत्र्यात वाढतो, माणसात फार तर कातडीत घुसतो आणि तिथेच हरवतो. या गृहीतकाला आधारही होता. १९२६ साली फ्लोरिडात कर्बी-स्मिथ, डव्ह आणि व्हाइट यांनी तिथल्या 'सरपटणाऱ्या पुरळा'चं कारण शोधलं. वाळूत बसणाऱ्यांना आणि घराखालच्या ओल्या मातीत पाठीवर झोपून नळ दुरुस्त करणाऱ्या प्लंबरना कातडीखाली नागमोडी लाल रेषा उठायच्या, दिवसागणिक पुढे सरकायच्या. रेषेच्या टोकाला एक अळी निघाली. पुढच्या प्रयोगांत ती मुख्यतः ब्राझिलिएन्स या कुत्र्यामांजरांच्या अंकुशकृमीची ठरली. अळी कातडीत फिरते, आतड्यापर्यंत पोचत नाही, शेवटी मरते. म्हणजे उत्तर ठरलं: 'तुम्हाला फक्त खाज येईल.'

आता या ब्राझिलिएन्सचीच गोष्ट बघा, कारण माझ्या मते इतिहासातला सगळ्यात शिकण्यासारखा घोळ इथे आहे. ही प्रजाती १९१० साली ब्राझीलमध्ये गोमेस दे फारियाने कुत्र्यामांजरांतून वर्णन केली. पुढच्याच वर्षी लूसने श्रीलंकेतल्या एका उदमांजरातून सिलॅनिकम ही दुसरी प्रजाती वर्णन केली. १९१३ साली क्लेटन लेन या भारतातल्या डॉक्टरने सांगितलं की बंगालमध्ये हाच सिलॅनिकम माणसांच्या आतड्यात पूर्ण वाढलेला सापडतो. केवढी महत्त्वाची बातमी! प्राण्यातला अंकुशकृमी माणसात मोठा होतो, खाजेपाशी थांबत नाही.

पण त्याच वर्षी लंडनच्या लायपरने जाहीर केलं की सिलॅनिकम आणि ब्राझिलिएन्स वेगळे नाहीतच, एकच आहेत. लायपरचा शब्द वजनदार, त्यामुळे जुनं नाव, म्हणजे ब्राझिलिएन्स, हेच चालू राहिलं. ही स्थिती १९५१ पर्यंत होती. त्या साली बियोक्का या इटालियन शास्त्रज्ञाने नराच्या शेपटाकडच्या छत्रीसारख्या भागातल्या काड्यांची ठेवण आणि दातांची घडण नीट तपासून दोन्ही पुन्हा वेगळे केले.

मधल्या जवळपास चाळीस वर्षांत काय झालं असेल याचा विचार करा. एकाच नावाखाली दोन प्राणी. एक माणसाच्या कातडीत रेषा काढून मरणारा, दुसरा माणसाच्या आतड्यात राहून अंडी घालणारा. त्या काळात आशियात 'माणसात ब्राझिलिएन्स सापडला' असं जिथे लिहिलंय तिथे सिलॅनिकम वाचायचं. कुठे सापडला, किती जणांत सापडला ही सगळी माहिती कागदावर होती, पण चुकीच्या फाइलमध्ये. आणि नाव सुधारल्यावरही सवय लगेच सुधारली नाही, कारण निदान करणारा माणूस प्रौढ कृमी बघत नाही, अंडं बघतो. या सगळ्या प्रजातींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. माणसाच्या शौचात अंडं दिसलं की 'माणसाचा हुकवर्म', कुत्र्याच्या विष्ठेत दिसलं की 'कॅनायनम'. बसलेल्या खात्यात नोंद टाकायची आणि पुढचा नमुना घ्यायचा. पीसीआर आल्यावर चित्र पालटलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कंबोडियातल्या एका खेड्याच्या अभ्यासात, ज्या माणसांच्या नमुन्यातली प्रजाती ओळखता आली त्यांच्यापैकी निम्म्याच्या आसपास लोकांत सिलॅनिकम निघाला. गावातली कुत्रीही त्याने भरलेली होती.

अंड्यावरच विसंबून राहण्याची ही सवय कॅनायनमच्या बाबतीतही नडली, आणि ती कहाणी शहरातली आहे, पाळीव कुत्र्यांच्या घरांतली.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलंडमधलं टाउन्सव्हिल. उष्ण, दमट, बंगले, अंगणात हिरवळ, घरोघरी कुत्रा. १९८०च्या दशकात तिथल्या जॉन क्रोएस या पोटविकारतज्ज्ञाकडे एक विचित्र प्रकारचे रुग्ण येऊ लागले. पोटात जोरदार कळा, इतक्या की काहींचं अपेंडिक्स समजून पोट उघडलं गेलं. आत लहान आतड्याचा एक तुकडा सुजलेला आणि त्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी. इओसिनोफिल वाढले की परजीवी किंवा ॲलर्जी असा संशय घेतात. पण शौचाची तपासणी स्वच्छ. अंडी नाहीत. १९८८ साली क्रोएसने हे रुग्ण एकत्र मांडले. त्याने एक गोष्ट नोंदली होती, जी कुणी दुसऱ्याने कदाचित केस पेपरवर लिहिलीच नसती: बहुतेकांच्या घरी कुत्रा होता.

मग एका रुग्णाच्या कापलेल्या आतड्यात एक कृमी मिळाला. ब्रिस्बेनचे परजीवीतज्ज्ञ पॉल प्रोचिव यांनी तो ओळखला. अँसायलोस्टोमा कॅनायनम. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांनी लिहिलं की माणसातल्या या आतड्याच्या दाहामागे कुत्र्याचा अंकुशकृमी आहे. पुढे कोलोनोस्कोपीत आणखी काही रुग्णांच्या आतड्याला चिकटलेले कृमी प्रत्यक्ष सापडले, प्रत्येक वेळी बहुधा एकच. एकट्या कृमीला जोडीदार नाही, वाढही अर्धवट, मग अंडी येणार कुठून? ज्या तपासणीचा सगळा डोलारा अंड्यांवर उभा आहे, तिला हा आजार कधीच दिसणार नव्हता. ही मिठाच्या संपृक्त द्रावणात अंडी तरंगवण्याची पद्धत विलिसने १९२१ साली ऑस्ट्रेलियातल्याच वैद्यकीय नियतकालिकात दिली होती, हा एक योगायोग. आजही माझ्या टेबलावर तीच आहे, मीठ आणि गरम पाण्यासकट.

क्रोएस-प्रोचिव यांच्या गटाने म्हणून रस्ता बदलला. कॅनायनमच्या स्रावातल्या प्रथिनांविरुद्ध रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत का हे तपासलं, आणि कितीतरी रुग्णांत ती मिळाली. २००३ साली एका स्वयंसेवकावर केलेला प्रयोग छापून आला: अळ्या तोंडावाटे दिल्यावर रक्तातले इओसिनोफिल वाढले, त्वचेवाटे दिल्यावर तसं झालं नाही. लूसच्या अगदी उलट रस्ता. तोंडावाटे नव्हे तर कातडीतून, हे सिद्ध करायला त्याने आयुष्याची उमेदीची वर्षं घातली. शंभर वर्षांनी त्याच वंशातल्या दुसऱ्या प्रजातीबद्दल 'माणसात बहुधा तोंडावाटे' असं म्हणायची पाळी आली. मला हे वाचताना मजा वाटली होती, नाकारत नाही.

पिल्लांच्या बाबतीतही अंड्यांची तपासणी अशीच फसवते. ए. ओ. फॉस्टरने १९३२ साली पिल्लांना जन्माआधीच, गर्भात लागण होते असं मांडलं. १९६०च्या दशकात स्टोन आणि गिरार्डो यांना कुत्रीच्या चिकात आणि दुधात अळ्या सापडल्या. आज मुख्य मार्ग दुधाचा मानतात. कुत्रीच्या स्नायूंत अळ्या झोपून राहतात, ती व्याली की जाग्या होऊन दुधात उतरतात. कुत्रीला जंताचं औषध वेळेवर दिलेलं असतं, तिची विष्ठा स्वच्छ असते, मालक प्रामाणिकपणे सांगतो 'डिवर्मिंग झालंय', आणि तिची पिल्लं दुसऱ्या आठवड्यात रक्तक्षयाने जातात. त्यांच्याही विष्ठेत तेव्हा अंडी नसतात, कारण आतल्या कृमींनी अजून अंडी घालायलाच सुरुवात केलेली नसते.

आता आपल्याकडे येऊ. २०१४ साली सिक्कीम, मुंबई, दिल्ली आणि लडाख या चार ठिकाणच्या ४११ भटक्या आणि निवाऱ्यातल्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अंकुशकृमी सिक्कीममध्ये ७१.३ टक्के, मुंबईत ४८.८ टक्के आणि दिल्लीत ३९.१ टक्के कुत्र्यांत होता. पण मला त्यातली टक्केवारी दुय्यम वाटते. महत्त्वाचं हे की सिक्कीम आणि मुंबईत पीसीआरने कॅनायनम आणि सिलॅनिकम दोन्ही सापडले, काही कुत्र्यांत एकत्र. दिल्लीत फक्त कॅनायनम. संशोधकांचा अंदाज असा की दिल्लीच्या कोरड्या, टोकाच्या हवेत उघड्यावरची अळी टिकणं कठीण, पण कॅनायनम कुत्र्याच्या ऊतींमध्ये दबा धरून वाईट ऋतू काढू शकतो. मुंबईच्या पावसाळ्याला असल्या युक्तीची गरजच नाही.

म्हणजे मुंबईतल्या मालकाने 'आम्हाला होतो का हो?' विचारलं तर उत्तर कृमीच्या नावावर अवलंबून आहे. ब्राझिलिएन्स असेल तर कातडीवर रेषा. कॅनायनम असेल तर बहुधा काहीच नाही, क्वचित खाज किंवा टाउन्सव्हिलसारखा एकटा कृमी आणि कळा. सिलॅनिकम असेल तर हो, होतो, आतड्यात वाढतो आणि अंडीही घालतो. रस्त्यावरचं कुत्रं आणि तिसऱ्या मजल्यावरचा लॅब्रेडॉर सकाळी एकाच झाडाखाली जातात, आणि सोसायटीतली मुलं संध्याकाळी तिथेच अनवाणी खेळतात.

माझ्या कामाचा आराखडा यातूनच ठरला. शहरातल्या एका वस्तीतली पाळीव कुत्री, त्यांच्या फिरायच्या जागांची माती, आणि प्रत्येक पॉझिटिव्ह नमुन्याचा पीसीआर. खर्चिक आहे, आणि 'अंडी मोजून टक्केवारी काढा, दोन वर्षांत सबमिट होईल' हा सल्ला मला आजवर दोघांनी दिलाय. रोज सकाळी स्लाइडवर अंडी दिसतात, लंबगोल, पातळ कवचाची, आत चार-आठ पेशी, अगदी पुस्तकातल्यासारखी. नोंदवहीच्या त्या रकान्यात मी 'अँसायलोस्टोमा प्रजाती' एवढंच लिहिते. पुढचा रकाना सिक्वेन्स येईपर्यंत कोरा राहतो.